विधेयकामागून येणारे कागद

डिसेंबर लागला की आमच्या अकोल्यात दोनच चौकशा असतात. कापसाला काय भाव निघाला आणि नागपूरच्या अधिवेशनात काय निघणार. पहिलीचं उत्तर संध्याकाळपर्यंत बाजारातून येतं. दुसरीचं यायला कधी कधी दहा वर्षं लागतात, आणि ते येतं तोवर प्रश्न कोणी विचारला होता हेही लोक विसरलेले असतात. शिक्षणाच्या बाबतीत तर हे हमखास.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. खडू कधी हातात धरला नाही. पण मुंबई-नागपुरात शिक्षणाचं जे काही ठरतं, ते शाळेत सगळ्यात आधी लिपिकाच्या टेबलावर येऊन पडतं. संचमान्यता, वैयक्तिक मान्यता, शालार्थ, सेवापुस्तक, वेतन पथकाचे आक्षेप यांतच माझी उमर गेली. म्हणून माझ्या वयाच्या बायका भागवत सप्ताहाला निघतात तेव्हा मी मोबाइलवर विधिमंडळाचं थेट प्रक्षेपण लावून बसते. सून म्हणते, "आईंची मालिका सुरू झाली." मालिकेसारखंच आहे म्हणा, तिथेही मुख्य घटना पडद्यामागे होते आणि पडद्यावर नुसता गोंधळ.

जुन्या सवयीने एक रजिस्टर ठेवलं आहे. शिक्षणाशी संबंधित विधेयक आलं की त्यात एक ओळ. डाव्या पानावर क्रमांक, नाव, पुरःस्थापित कधी झालं, विधानसभेत मंजूर कधी, परिषदेत कधी. उजव्या पानावर राज्यपालांची सही, राजपत्र, नियम, पैसा, पदं. डावं पान आठवडाभरात भरतं. उजव्या पानावरचे रकाने वर्षानुवर्षं कोरे राहतात, किंवा त्यांत असं काही लिहावं लागतं जे डाव्या पानाशी जुळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पत्रकार, पुढारी, संघटना आणि आपण पालक सगळे डाव्या पानावर थांबतो. वऱ्हाडातल्या शाळेचं बरंवाईट उजव्या पानावर होतं.

विधेयक हाती लागलं तर ते शेवटून वाचावं, हा माझा अनुभवाचा सल्ला. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. त्यात सरकारला लोकांचं किती भलं करायचं आहे ते लिहिलेलं असतं. खर्च येणार असेल तर त्याचं ज्ञापन असतं. आणि एक पान असतं, ज्याच्यावर सभागृहात कोणी बोललेलं मी फारसं ऐकलेलं नाही: वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचं ज्ञापन. अमुक खंडान्वये अमुक बाबतीत नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला, तमुक खंडान्वये अधिसूचना काढण्याचा. म्हणजे सभागृहाने आज हो म्हणायचं आणि मजकूर मंत्रालयाने सवडीने भरायचा. 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' हे शब्द विधेयकात किती वेळा आले ते मी पेन्सिलने मोजते. जितके जास्त, तितकं ते विधेयक अर्धवट समजावं.

नियम लागतातच, हे मला कबूल आहे. शाळेत किती मुलांमागे किती नळ हवेत, हे दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदार ठरवू लागले तर अधिवेशन उन्हाळ्यापर्यंत चालेल. पण नळ ठरवायला दिलेल्या अधिकाराने कोणी विहीरच बुजवली, तर?

२०२४ मध्ये तेच झालं. केंद्राचा शिक्षणहक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १२ ने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना देणं भाग पाडलं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने आपल्या नियमांत दुरुस्तीची अधिसूचना काढली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या २५ टक्क्यांतून सूट. विधेयक नाही, चर्चा नाही, मतदान नाही. त्याच महिन्याच्या २० तारखेला मराठा आरक्षणाच्या विधेयकासाठी विशेष अधिवेशन भरलं आणि दोन्ही सभागृहांनी ते एका दिवसात मंजूर केलं. सगळ्या राज्याचे डोळे तिकडे लागलेले. अकोल्यासारख्या शहरात एका किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी इंग्रजी शाळा दाखवा मला!

आमच्या शेजारी एक बाई राहते. अकोल्यात क्लाससाठी बुलडाणा, वाशीमकडून जी पोरं येतात, त्यांचे डबे करते. तिच्या पोरीचा पहिलीचा फॉर्म भरायचा होता. एप्रिलमध्ये ती कणकेचा हात पुसत मोबाइल घेऊन आली.

"काकू, याच्यात ते इंग्रजी शाळेचं नावच येऊन नाही राह्यलं."

मी चष्मा लावून पाहिलं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, घराचा पत्ता नकाशावर, सगळं नीट भरलेलं. खाली शाळांची यादी उघडली तर महापालिकेच्या आणि अनुदानित शाळाच पुढे. तिला नियमातला बदल समजावून सांगितला. तिने एकच गोष्ट विचारली: "झेडपीच्या, कमिटीच्या शाळेत घालाले फारम कायले भरा लागते? तिथं तं गुरुजी घरी येऊन नाव लिहून नेतात."

इतकी नेमकी हरकत मी विधिमंडळात त्या वर्षी ऐकली नाही. पालक आणि संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी स्थगिती मिळाली, फॉर्म पुन्हा नव्याने भरावे लागले. १९ जुलैला न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. सगळं चांगलं झालं म्हणायचं. पण विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, तरी १९ जुलैपर्यंत घंटा वाजून तीन आठवडे होत आले होते. त्या बाईने दोनदा फॉर्म भरला, दोनदा दाखल्यांच्या प्रती काढल्या, आणि शेवटी वाट न पाहता पोरीला जवळच्या शाळेत बसवून टाकलं. डबे वेळेवर जायचे असतात.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३८ मध्येच लिहिलं आहे की राज्याने केलेले नियम आणि अधिसूचना विधिमंडळापुढे ठेवायच्या. पटलावर कागद ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने प्रक्षेपण पाहिलं आहे त्याला माहीत आहे. मंत्री उभे राहतात, एक वाक्य बोलतात, बसतात. त्या चळतीतून एक कागद उपसून "अध्यक्ष महाराज, हे काय आहे?" असं विचारणारा आमदार वऱ्हाडाला हवा आहे. बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आता पैशाचं. शिक्षकांच्या दृष्टीने अधिवेशनातलं सगळ्यात मोठं विधेयक कोणतं, असं विचारलं तर मी विनियोजन विधेयक म्हणेन. त्याच्या नावात शिक्षण कुठेच नसतं. पुरवणी मागण्यांचं जाडजूड पुस्तक येतं, त्यात शालेय शिक्षण विभागाची 'ई-२, सामान्य शिक्षण' ही मागणी शोधायची आणि तिच्यात आपल्या शाळेच्या वाट्याचा आकडा आहे का ते पाहायचं. चर्चेची वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात. हो-नाहीचा एक आवाज, आणि राज्यातल्या हजारो घरांचा किराणा ठरून जातो.

टप्पा अनुदानाची, म्हणजे शाळेला टक्क्याटक्क्याने मिळणाऱ्या अनुदानाची, गोष्ट वऱ्हाडात कोणाला नव्याने सांगायला नको, पण तिचा एक पैलू फारसा बोलला जात नाही. २४ नोव्हेंबर २००१ ला 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आलं ते शासन निर्णयाने. २० जुलै २००९ ला त्यातला 'कायम' गेला तोही शासन निर्णयानेच. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी नोकऱ्या धरल्या, त्यांच्या आयुष्याचा निकाल कोणत्याही सभागृहाने मतदान करून लावलेला नाही. पुढे २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के असे टप्पे आले. २०२२ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने त्यासाठी १,१६० कोटी रुपये मंजूर केले, २०२३ च्या फेब्रुवारीत आदेश निघाला. मग १४ ऑक्टोबर २०२४ ला पुढच्या टप्प्याचा शासन निर्णय निघाला. दुसऱ्याच दिवशी, १५ तारखेला, विधानसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. तारखा शेजारी ठेवून पाहा. यावर अधिक लिहायची गरज नाही.

निर्णय होता, त्याच्यामागे पैसा नव्हता. निवडणूक झाली, नागपूरचं अधिवेशन झालं, मार्चचा अर्थसंकल्प झाला, आणि २०२५ च्या जुलैत राज्यभरातले शिक्षक आझाद मैदानावर पावसात बसले तेव्हा कुठे सरकारला पगारात वाढ देण्याची तारीख सांगावी लागली. आमच्या शाळेतल्या एका टप्प्यावरच्या सरांचा मला तिथून फोन आला होता. गणित शिकवतात. हंगामात संध्याकाळी जिनिंगमध्ये हिशेब लिहायला जायचे. गठाणींचा हिशेब पक्का, आणि घरचा कधीच जुळला नाही. मी नोकरीत असताना दर अधिवेशनात त्यांचा माझ्या टेबलाशी एकच प्रश्न असायचा: "म्याडम, आपलं काही आलं काय त्याच्यात?" मी पुस्तकातली मागणी काढून दाखवायची. कधी रक्कम असायची, कधी नसायची. असली तरी तिचा आदेश निघायचा, मग संचालनालयाचं पत्र, मग तपासणी, मग वेतन पथक. मार्च संपला की पैसा परत जायचा आणि सर पुन्हा जिनिंगवर.

या सरांच्या दृष्टीने सभागृहात कोणी कोणाला काय म्हणालं याला शून्य किंमत आहे. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेवढंच असतं.

'मंजूर' या शब्दावर तर माझा विश्वासच उडाला आहे. २८ डिसेंबर २०२१, हिवाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस. करोनाच्या कारणाने ते अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत भरलं होतं. त्या दिवशी सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक गदारोळात मंजूर झालं. कुलगुरू निवडीतले राज्यपालांचे अधिकार आवळणारं, मंत्र्यांना प्र-कुलपती करणारं. आमच्या अमरावती विद्यापीठातही त्यावर तावातावाने बोलणं झालं. त्या विधेयकाचा कायदा झालाच नाही. राज्यपालांची सही झाली नाही, २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने ते मागे घ्यायचं ठरवलं. माझ्या रजिस्टरमध्ये डावं पान भरलेलं आहे, उजव्यावर एक आडवी रेघ.

उलट प्रकार शुल्काचा. खासगी शाळांच्या शुल्कावर लगाम घालणारं विधेयक २०११ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं. राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा व्हायला २०१४ उजाडलं. त्या तीन वर्षांत शुल्क थांबलं असेल अशी कोणाची समजूत असेल तर ती त्यांनी काढून टाकावी. आणि पुढे दुरुस्ती झाली, तिच्याने तक्रार करायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र हवेत असं ठरलं. चारशे पोरांच्या शाळेत शंभर पालकांच्या सह्या गोळा करून पाहा. ज्याचं पोर त्याच शाळेत रोज जायचं आहे तो पहिली सही करणार?

विद्यार्थी निवडणुकांचं बघा. १९९४ च्या कायद्याने महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या होत्या. २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीतून जाऊन नागपूरला मंजूर झाला, तेव्हा निवडणुका परत आल्या म्हणून अमरावतीत पोरांनी गुलाल उधळायचाच बाकी ठेवला होता. कायदा मार्च २०१७ पासून लागू झाला. २०१९ मध्ये निवडणुका घेण्याचं ठरलं, मग पुढे ढकलल्या, मग करोना आला. त्या वेळी प्रथम वर्षाला असलेली पोरं आज नोकरीला लागून, किंवा न लागून, लग्नाची झाली.

आणि मराठी सक्तीचा कायदा. २०२० च्या फेब्रुवारीत, मराठी भाषा गौरव दिनाच्या तोंडावर, दोन्ही सभागृहांनी एकमुखाने मंजूर केला. सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य, न शिकवली तर एक लाखापर्यंत दंड. बाकं वाजली. २०२३ च्या एप्रिलमध्ये शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला: इतर मंडळांच्या शाळांतल्या ठरावीक तुकड्यांपुरती मराठीला फक्त श्रेणी, तिचे गुण एकूण निकालात धरायचे नाहीत. करोनाचं कारण दिलं, काही अंशी खरंही असेल. पण जे एकमुखाने दिलं ते एका सहीने पातळ झालं, आणि बाकं वाजवणाऱ्यांपैकी कोणाला पुन्हा विचारावं लागलं नाही. पहिलीपासूनच्या हिंदीचं तर सगळं नाट्यच शासन निर्णयांचं. १६ एप्रिल २०२५ चा एक, १७ जूनचा दुसरा, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. ३० जूनला पावसाळी अधिवेशन सुरू होणार होतं. सभागृहाची भीती सरकारला अजून वाटते, एवढा त्यातला दिलासा.

खेड्यातल्या शाळांवर याहून शांतपणे घाव बसतो. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा, शासन निर्णय कोणत्याही अधिवेशनाचा मथळा नव्हता. सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पद नाही, अशी त्याची धार. दर्यापूरकडचा आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. तोंडात धरवत नाही असं पाणी, पावसाळ्यात चिखलात रुतणारे रस्ते. चार कुटुंबं अकोल्याला कामाला गेली की पट एकविसावरून सतरावर येतो. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर, पटाचं गणित त्याहून नाजूक. तिथल्या आमदाराने या कागदावर लक्षवेधी लावली की नाही, हे मतदाराला कळण्याची आपल्याकडे सोय नाही.

रिद्धपूरचं मात्र मला मनापासून कौतुक आहे, आणि म्हणूनच काळजीही. मोर्शी तालुक्यातलं हे गाव, गोविंदप्रभूंचं. इथेच म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठी भाषेचं विद्यापीठ इथे व्हावं ही मागणी जुनी. २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरला विधेयक मंजूर झालं. घोषणेपासून विधेयकापर्यंत एक वर्षही लागलं नाही. पहिले कुलगुरूही नेमले गेले. माझ्या रजिस्टरमधली ही त्यातल्या त्यात आनंदाची ओळ. मी राजमठात डोकं टेकवून आले, गावातल्या एका आजोबांना विद्यापीठाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "व्हईन ना बाई. पन पोरं राह्यतीन कुठी, अन् पोट्ट्यांले शिकवाले मास्तर पर्मनंट येतीन काय?" या दोन प्रश्नांत विद्यापीठाचं सगळं भवितव्य आलं. वसतिगृहाचा पैसा आणि कायम पदांची मंजुरी. दोन्ही विधेयकात नसतात. दोन्ही दर वर्षीच्या मागण्यांत आणि वित्त विभागाच्या फायलीत असतात. अमरावती जिल्ह्यातल्या आमदारांनी रिद्धपूरचं नाव आता भाषणात कमी आणि मागण्यांच्या पुस्तकात जास्त शोधावं.

कोणी म्हणेल, हे सगळं करायला अधिवेशनाला दिवस कुठे आहेत? खरं आहे. १९५३ च्या नागपूर करारात दर वर्षी किमान एक अधिवेशन नागपूरला घेण्याचं ठरलं. २०२४ चं ते अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं आटोपलं. २०२० मध्ये तर हिवाळी अधिवेशन मुंबईत, दोन दिवसांचं. विदर्भाचे प्रश्न म्हणून जे काही मांडायचं ते या बोटांवर मोजायच्या दिवसांत, त्यातही पहिला दिवस शोकप्रस्तावाचा. म्हणूनच मी अधिवेशनानंतरच्या कागदांवर जोर देते. सभागृह सहा दिवस चालतं, मंत्रालय बारा महिने.

यावर उपाय आपल्या भागात एके काळी होता. प्रा. बी. टी. देशमुख अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघाचे तीसेक वर्षं विधान परिषदेत आमदार होते. प्राध्यापकांची 'नुटा' ही त्यांची संघटना. तिचं 'नुटा बुलेटिन' आमच्या शेजारच्या महाविद्यालयात यायचं आणि तिथला हेडक्लार्क ते मला वाचायला द्यायचा. दिसायला रुक्ष. त्यात शासन निर्णय जसेच्या तसे, न्यायालयांचे निकाल, पत्रव्यवहार, सभागृहात काय विचारलं आणि काय उत्तर आलं. भाषणं ठोकणारे आमदार आम्ही अनेक पाहिले. कागद छापून मतदाराच्या हातात देणारा विरळा. विदर्भाच्या अनुशेषावर ते बोलायला उभे राहिले की मंत्र्यांच्या मागे बसलेले अधिकारी फायली उघडायचे, असं त्या काळी नागपूरला जाऊन आलेले लोक सांगत. मला त्यांची सगळीच मतं पटायची असं नाही. पण काय झालं ते कळायचं.

राज्यघटनेने विधान परिषदेत शिक्षकांना आणि पदवीधरांना वेगळे प्रतिनिधी दिले ते कशासाठी? महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत सात शिक्षकांचे आणि सात पदवीधरांचे. त्यातले एकेक आपल्या पाच जिल्ह्यांचे: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम. सध्याचे शिक्षक आमदार २०२० च्या डिसेंबरात निवडून आले, पदवीधरांचे २०२३ च्या फेब्रुवारीत. मुदत सहा वर्षांची. या दोघांकडे मी एकच मागते. दर अधिवेशनानंतर महिनाभरात एक छापील कागद: शिक्षणाची कोणती विधेयकं आली, मी कशावर काय मत दिलं, मागण्यांत आपल्या विभागाच्या शाळा-महाविद्यालयांना किती आलं, पटलावर कोणते नियम ठेवले गेले, मधल्या काळात कोणते शासन निर्णय निघाले आणि त्यांवर मी काय केलं. व्हॉट्सअॅपवरचं हाराचं छायाचित्र नको. कागद एकच, पण प्रत्येक शाळेच्या सूचना फलकावर लावता येईल असा.

यात एक विसंगती आहे, ती सांगून टाकते. शिक्षक मतदारसंघात मत देता येतं ते माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत गेल्या सहापैकी तीन वर्षं शिकवलेल्यांना. मेळघाटातल्या प्राथमिक शाळेत एकटा चार वर्ग सांभाळणारा गुरुजी त्यात बसत नाही. आणि मीही नाही, जिने प्रत्येक निवडणुकीत शिक्षकांच्या मतदार नोंदणीच्या नमुना १९ ला जोडायची सेवेची प्रमाणपत्रं स्वतः टाइप केली. ज्यांच्यावर शासन निर्णयांचा सगळ्यात मोठा भार पडतो त्यातले अर्धे या मतदार यादीच्या बाहेर. तो बदल संसदेच्या हातचा आहे, त्याला माझ्या हयातीत हात लागेल असं वाटत नाही.

पण मी अमरावती विद्यापीठाची बी. कॉम. आहे. १९८३ साली विद्यापीठ निघालं, त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यांमधली. पदवीधरांच्या यादीत नाव घालायला नमुना १८ लागतो, आणि ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं धरून चालू नये. पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडायची. राजकमल चौकात, टॉवर चौकात मंडप टाकून फॉर्म भरून घेणारे कार्यकर्ते तेव्हा आपोआप उगवतात. त्यांच्याकडे फॉर्म भरा, पण त्याच टेबलावर त्यांच्या साहेबांच्या मागच्या सहा वर्षांच्या कामाचा असा कागद मागा. नाही म्हणाले तर कोऱ्या रकान्यांचं एक पान मी झेरॉक्स करून देते, भरून आणा म्हणावं.